ऊब, गारवा आणि घर

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यांत, राहत्या घराच्या मागील अंगणांत आणखी एक लहानसें घर बांधण्याची चाल गेल्या कांहीं वर्षांत चांगलीच रूढ झाली आहे. जागेची टंचाई फार वाढल्यामुळें २०१६ सालीं तेथील विधिमंडळानें बांधकामाचे नियम सैल केले, आणि १ जानेवारी २०१७ पासून ते अमलांत आले. परसांत उभें राहणारें हें घर चारपांचशें चौरस फुटांचें, फार तर बाराशें चौरस फुटांचें असतें. लोक त्याला कौतुकानें ‘आजीबाईचें घर’ म्हणतात, आणि तें नांव सार्थही आहे. कारण वृद्ध आईबापांना जवळ ठेवावें, पण त्यांचा स्वतंत्रपणाही राखावा, हा अशा घरामागील एक मोठा हेतु असतो. तिकडे स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांनाही हा हेतु परका वाटण्याचें कारण नाहीं.

असें घर बांधावयास काढलें, कीं एक प्रश्न लवकरच पुढें येतो. तें उन्हाळ्यांत थंड आणि हिवाळ्यांत उबदार कशानें ठेवावयाचें? सॅक्रामेंटोच्या खोऱ्यांत उन्हाळ्यांत पारा १०० अंश फॅरनहाइटच्या वर चढतो, आणि हिवाळ्यांतील कांहीं पहाटे तो गोठणबिंदूच्या जवळ उतरतो. ठेकेदार चार वस्तूंचीं नांवें सांगतो : गॅसची भट्टी, विजेचा तापक, खिडकींत बसविण्याचें वातानुकूलन यंत्र, आणि ऊब व गारवा दोन्ही देणारा ‘हीट पंप’. मालक साहजिकच किंमती विचारूं लागतो. परंतु किंमती विचारण्यापूर्वीं या वस्तूंचें कूळ विचारणें अधिक हिताचें आहे. पहिल्या तीन वस्तूंनीं प्रश्नाचा एकेक भाग सोडविला. चवथीची कल्पना संपूर्ण प्रश्नाची होती, आणि ती कागदावर पूर्ण होऊन सुमारें पावणेदोनशें वर्षें लोटलीं आहेत. इतका काळ ती कां खोळंबली, हें समजलें म्हणजे निवड कशी करावी हेंही बऱ्याच अंशीं समजतें.

ऊब मिळविण्याचा मनुष्याचा आद्य उपाय म्हणजे अग्नि. रोमन लोकांनीं जमिनीखालीं पोकळी ठेवून तींतून भट्टीचा गरम वारा खेळविला. कोरियन लोकांनीं चुलीचा धूर फरशीखालून फिरवून ‘ओंडोल’ नांवाची पद्धति रूढ केली. त्या मानानें यूरोपांतील उघडी शेकोटी ही फार उधळी होती. खोलींतील तापलेली हवा धुराबरोबर धुराड्यांतून निघून जाई, आणि तिच्या जागीं दारांच्या फटींतून थंड वारा आंत शिरे. माणसाची छाती भाजे आणि पाठ गारठे. १७४० नंतरच्या वर्षांत बेंजामिन फ्रँकलिन यानें फिलाडेल्फिया येथें नव्या प्रकारची लोखंडी शेगडी काढली व १७४४ सालीं तिजविषयीं पुस्तिका छापली, ती ही उधळपट्टी थांबविण्याकरितांच. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड यानें शेकोटीचा आकार उथळ करून व धुराड्याचा गळा आंवळून हेंच काम पुढें नेलें. दोघांच्याही सुधारणा मोलाच्या होत्या. परंतु त्या जाळण्याच्या रीतींत होत्या. ऊब पाहिजे असेल तर कांहीं तरी जाळलेंच पाहिजे, ही मूळ समजूत तशीच राहिली.

या समजुतीची किंमत लंडन शहरानें डिसेंबर १९५२ मध्यें मोजली. कोळशाच्या धुराचें दाट धुकें पांच दिवस शहरावर बसून राहिलें. त्या वेळच्या गणतीप्रमाणें सुमारें चार हजार माणसें दगावलीं. पुढील काळांतील अभ्यासकांनीं तो आंकडा बारा हजारांपर्यंत नेला. कारखान्यांबरोबरच घराघरांतील शेकोट्यांचा त्यांत मोठा वाटा होता. १९५६ सालीं तेथें स्वच्छ हवेचा कायदा झाला. एका घरांत लहान दिसणारी निवड लाखों घरांत झाली म्हणजे ती सर्वांच्या श्वासाचा प्रश्न बनते, हा त्या पांच दिवसांचा धडा होय.

गारव्याचा इतिहास याहून निराळा आहे. अग्नीप्रमाणें ‘थंडी’ पेटवितां येत नाहीं. म्हणून उष्ण देशांतील लोकांनीं आधीं घराच्याच रचनेकडे लक्ष दिलें. महाराष्ट्रांतील जुना वाडा पाहावा. त्याची जाड भिंत दिवसभर उष्णता आपल्या पोटांत घेई, आणि ती आंतल्या खोलीपर्यंत पोंचावयास संध्याकाळ उलटून जाई. तोंवर बाहेर गार वारा सुटलेला असे. मधल्या चौकांतून गरम हवेस वर जाण्यास वाट मिळे. अंगणांत पाण्याचा सडा पडे. नागपूरकडील कोरड्या उन्हाळ्यांत दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडीत, आणि त्यांतून येणारा वारा थंड व सुगंधी होऊन येई. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील इंग्रजांनीं लांकडी पेटींत पंखा बसवून तिला अशाच ताट्या जोडल्या व त्या यंत्रास ‘थर्मँटिडोट’ असें भारदस्त नांव दिलें. आजचा कूलर हा त्याच जातीचा आहे. या उपायाचें सामर्थ्य आणि मर्यादा एकाच गोष्टींत आहेत : पाणी वाळलें तरच गारवा येतो. मुंबईच्या दमट हवेंत जेथें अंगावरचा घामही वाळत नाहीं, तेथें ताटीवरचें पाणी काय वाळणार!

ज्यांना पैशाची ददात नव्हती त्यांच्याकरितां समुद्रापलीकडून गारवा येऊं लागला. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यानें १८३३ सालच्या मे महिन्यांत ‘टस्कनी’ नांवाच्या जहाजांतून सुमारें १८० टन बर्फ कलकत्त्यास रवाना केला. चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यांतील सुमारें १०० टन शिल्लक उरला होता. पुढें १८४२ सालीं मद्रासच्या किनाऱ्यावर त्याच्या व्यापारासाठीं बर्फघर उभें राहिलें. तीच इमारत आज विवेकानंद हाऊस म्हणून ओळखली जाते. या बर्फाची एक खूण आजही घरोघरीं शिल्लक आहे. दुकानांत वातानुकूलन यंत्र ‘दीड टनाचें’ किंवा ‘एक टनाचें’ म्हणून विकतात, तें त्याचें वजन नव्हे. एक अमेरिकन टन, म्हणजे २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषून घेईल, तितकी उष्णता खोलींतून काढून टाकण्याची शक्ति म्हणजे एक टन. ब्रिटिश मापांत ती तासास १२,००० एकक भरते.

वाळणारा द्रव गारवा कां देतो, याची शास्त्रीय पाहणी यूरोपांत अठराव्या शतकांतच सुरू झाली होती. १७५८ सालीं फ्रँकलिन व जॉन हॅडली यांनीं केंब्रिज येथें उष्णतामापकाचा फुगा वारंवार ईथरनें भिजविला व भात्यानें त्यावर वारा घातला. उन्हाळ्याची हवा असूनही पारा ७ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरला आणि फुग्यावर बर्फाचा थर चढला. ईथर एकदां उडून गेलें कीं तें गेलेंच, ही यांतील अडचण होती. १८३४ सालीं जेकब पर्किन्स यानें लंडनमध्यें जें पेटंट घेतलें, त्यांत ती दूर झाली. उडालेली वाफ फुकट न दवडतां ती दाबून पुन्हां पातळ करावयाची आणि तोच द्रव पुन्हां उडवावयाचा, असें तें चक्र होतें. आजच्या बहुतेक शीतकपाटांत हेंच चक्र फिरत असतें. फ्लॉरिडामधील डॉक्टर जॉन गोरी यानें तापाच्या रोग्यांच्या खोल्या थंड ठेवण्याच्या ध्यासानें हवा दाबून बर्फ बनविण्याचें यंत्र रचलें व १८५१ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. पण त्याला भांडवल मिळालें नाहीं, आणि १८५५ सालीं तो निराशेंतच वारला.

येथपर्यंत ऊब देणारे लोक एका वाटेनें चालले होते आणि गारवा देणारे दुसऱ्या. या दोन वाटा जेथें मिळाल्या तें स्थान म्हणजे उष्णतेचें शास्त्र. फ्रेंच इंजिनियर सादी कार्नो यानें १८२४ सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, अग्नीच्या शक्तीवर एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. उष्णता उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे उतरतांना तिजकडून काम करून घेतां येतें, असें त्यांत त्यानें दाखविलें. आणि त्याच क्रियेचा क्रम उलटा केला तर काम खर्चून उष्णता थंड जागेकडून उष्ण जागेकडे चढवितां येते, हेंही त्यांतूनच निघालें. पाणी आपण होऊन चढावर जात नाहीं, पण पंपानें तें चढवितां येतें. उष्णतेचेंही तसेंच आहे. १८३२ सालीं कॉलऱ्यानें कार्नो वारला. त्याच्या पुस्तकाची कदर करणाऱ्यांत पुढें विल्यम टॉमसन हा प्रमुख ठरला. हाच नंतर लॉर्ड केल्व्हिन झाला. त्याचा जन्म कार्नोचें पुस्तक निघालें त्याच वर्षींचा.

याच सुमारास केप ऑफ गुड होप येथील वेधशाळेंत दहा वर्षें काढलेला ज्योतिषी पियाझी स्मिथ यानें उष्ण प्रदेशांतील खोल्यांची हवा यंत्रानें थंड करण्याची एक योजना मांडली होती. हवा दाबावी, दाबल्यानें आलेली उष्णता बाहेर सोडून द्यावी, मग तीच हवा पसरूं द्यावी म्हणजे ती गार होईल, असा तिचा आशय होता. टॉमसननें हा विचार पुढें नेला. डिसेंबर १८५२ मध्यें ग्लासगो येथील तत्त्वज्ञान मंडळापुढें त्यानें हवेच्या प्रवाहानें इमारती तापविण्याच्या किंवा थंड करण्याच्या काटकसरीविषयीं निबंध वाचला. त्याचेंही वय तेव्हां अठ्ठावीसच होतें. एकच यंत्र एका दिशेनें चालविलें तर तें घर थंड करील, उलट चालविलें तर घर उबदार करील. आणि सरळ कोळसा जाळून मिळणाऱ्या उबेपेक्षां ही ऊब पुष्कळच काटकसरीची पडेल, असें त्यानें गणितानें दाखवून दिलें. उष्ण देशांतील खोल्या गार करण्याच्या विचारांतून थंड देशांतील घरें तापविण्याची युक्ति निघावी, हा या इतिहासांतील मौजेचा भाग होय.

थंड हवेंत उष्णता कोठून आली, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचें उत्तरही टॉमसनच्याच मापांत आहे. पाणी जेथें गोठतें तें शून्य आपल्या सोयीचें आहे. निसर्गाचें खरें शून्य त्याच्याही खालीं २७३ अंशांवर आहे. म्हणून गोठविणाऱ्या हवेंतही उष्णता पुष्कळ असते. ती फक्त उचलून आंत आणावी लागते. मात्र चढ जितका उंच तितके श्रम अधिक. आंतल्या व बाहेरच्या हवेंतील अंतर वाढलें कीं यंत्राचा खर्च वाढतो. कार्नोच्या विचारांतून निघणारा हा नियम घर बांधणाऱ्यानें विसरूं नये असा आहे.

मग ही युक्ति लगेच प्रचारांत कां आली नाहीं? कोळसा स्वस्त होता, वीज घरोघरीं पोंचली नव्हती, आणि दाब देणारीं भरंवशाचीं यंत्रें मिळत नव्हतीं. जेथें जळण महाग पडलें तेथेंच तिला जागा मिळाली. ऑस्ट्रियांतील एबेनझे येथील मिठागरांत मिठाचें पाणी आटविण्यास फार लांकूड लागे. १८५६ च्या सुमारास पेटर फॉन रिटिंगर यानें तेथें वाफ दाबून तिचीच उष्णता पुन्हां वापरण्याचा प्रयोग केला. १९३० सालीं हॉल्डेन नांवाच्या इंजिनियरानें आपल्या स्कॉटलंडमधील घरीं केलेल्या प्रयोगांचा निबंध विद्युत्शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढें ठेवला. स्वित्झर्लंडला कोळसा परदेशांतून आणावा लागे, पण पाण्यापासून केलेली वीज तेथें विपुल होती. झूरिक शहराच्या जुन्या नगरभवनांत १९३८ सालीं जो हीट पंप सुरू झाला तो शेजारून वाहणाऱ्या लिमात नदीच्या पाण्यांतील उष्णता उचलीत असे. तें यंत्र २००१ सालीं बदलण्यांत आलें. जी वस्तु साठ वर्षांहून अधिक काळ टिकली, तिला नवलाईचा खेळ म्हणतां येणार नाहीं.

अमेरिकेंत मात्र गोष्टींनीं निराळें वळण घेतलें. १९०२ सालीं ब्रुकलिन येथील एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगत असे आणि चित्रांतील रंग एकमेकांवर नीट बसत नसत. पंचवीस वर्षांच्या विलिस कॅरियरनें हवेंतील ओलावा काबूंत ठेवण्याचें यंत्र त्यासाठीं आंखलें. म्हणजे वातानुकूलन प्रथम आलें तें कागदाच्या सोयीकरितां, मनुष्याच्या नव्हे. मग तें चित्रपटगृहांत गेलें, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर खिडकीखिडकींतून दिसूं लागलें. तळघरांत गॅसची वा तेलाची भट्टी आणि खिडकींत शीतयंत्र, अशी दुहेरी मांडणी झाली. इंधन स्वस्त होतें तोंवर ती कोणाला खटकली नाहीं.

या यंत्रांच्या पोटांत फिरणारा वायु हाही एक मोठा अध्याय आहे. आरंभीं वापरले जाणारे अमोनिया व सल्फर डायऑक्साइड हे वायु गळले तर जीव गुदमरे. १९२८ सालीं टॉमस मिजली व त्याच्या सोबत्यांनीं विषारी नसलेला व न जळणारा वायु शोधला. १९३० सालीं रसायनशास्त्रज्ञांच्या सभेंत मिजलीनें तो स्वतः हुंगला व फुंकर घालून मेणबत्ती विझवून दाखविली. तो घरांत निरुपद्रवी होता. परंतु आकाशांत नव्हता. त्या जातीचे वायु वर जाऊन ओझोनचा थर नासवितात, असा इशारा मोलिना व रोलंड यांनीं १९७४ सालीं दिला, आणि १९८५ सालीं दक्षिण ध्रुवावरील ओझोनची घट उघडकीस आली. १९८७ च्या माँट्रियल करारानें हे वायु क्रमाक्रमानें बंद झाले. त्यांच्या जागीं आलेले वायु ओझोनला धक्का लावीत नाहींत; पण ते पृथ्वीचें तापमान वाढवितात, म्हणून २०१६ सालीं किगाली येथें तेही कमी करण्याचें ठरलें. खोली थंड करतांना पृथ्वी तापवावी, हा कांहीं शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

१९७३ सालीं तेलाचे भाव भडकले आणि जुना निबंध पुन्हां आठवला. जपानला तेल बाहेरून आणावें लागे आणि तेथील घरें लहान. त्या देशांत भिंतीवर टांगण्याचीं, उन्हाळ्यांत गारवा व हिवाळ्यांत ऊब देणारीं यंत्रें घरोघरीं पसरलीं. १९८० नंतर तेथें ‘इन्व्हर्टर’ची योजना आली. तिच्यामुळें यंत्र एकदम पूर्ण जोरानें चालणें आणि एकदम बंद पडणें थांबलें. गरज असेल तितक्याच मंद वा जलद गतीनें तें चालूं लागलें. टॉमसनची कल्पना अशा रीतीनें लहान घराच्या मापाला येऊन बसली.

आतां परसांतील त्या घराकडे वळूं या. विजेचा साधा तापक एक युनिट विजेपासून एक युनिट उष्णता देतो. त्याहून अधिक देणें त्याला शक्यच नाहीं. सॅक्रामेंटोच्या सौम्य हिवाळ्यांत चांगला हीट पंप तेवढ्याच विजेंत सुमारें तीन युनिट उष्णता घरांत आणतो, कारण तो उष्णता निर्माण करीत नाहीं, वाहून आणतो. गॅसच्या भट्टीला स्वतंत्र नळ आणि धुराडें लागतें, आणि उन्हाळ्याची सोय तिच्यानें होत नाहीं. खिडकीच्या यंत्रानें खिडकी अडते, आणि साध्या प्रकारचें असेल तर हिवाळ्यांत त्याचा उपयोग नाहीं. कोरड्या हवेंत कूलर स्वस्तांत काम देईल. परंतु तो बाहेरची हवा आंत ओढतो, आणि वणव्यांचा धूर त्या खोऱ्यावर पसरतो तेव्हां ही गोष्ट बाधक ठरते. नोव्हेंबर २०१८ मध्यें सॅक्रामेंटोनें असा धूर अनेक दिवस अनुभवला आहे. म्हणून बहुतेक अशा घरांना भिंतीवरील हीट पंप हाच सोयीचा पडतो.

परंतु यंत्र ठरलें म्हणजे निवड संपली असें नाहीं; तिचा आरंभ त्याच्याही आधीं होतो. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली आहे काय, छपराखालीं उष्णतारोधक थर पुरेसा आहे काय, दारांच्या फटी बुजल्या आहेत काय, संध्याकाळीं समुद्राकडून खोऱ्यांत येणारा गार वारा आंत घेण्यास समोरासमोर खिडक्या आहेत काय, हे प्रश्न पहिले. वाड्याच्या गवंड्याला जें ठाऊक होतें, तेंच हें आहे. त्यानंतर माप. ‘मोठें असलेलें बरें’ म्हणून पांचशें फुटांच्या घराला दोन टनांचें यंत्र बसविलें, तर तें हवा झटकन गार करून थांबतें, ओलावा पुरता काढीत नाहीं, आणि वारंवार सुरू-बंद होऊन लवकर झिजतें. नीट बांधलेल्या अशा घराला पाऊण ते एक टन पुष्कळदां पुरतो. भिंती, खिडक्या व दिशा पाहून गणित करून देणारा ठेकेदार, नुसतें क्षेत्रफळ विचारणाऱ्यापेक्षां अधिक विश्वासाचा समजावा. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. यंत्रांत कोणता वायु आहे हेंही विचारावें, आणि बाहेरचा पंखा शेजाऱ्याच्या निजण्याच्या खोलीसमोर येऊं देऊं नये.

हा सर्व खटाटोप केवळ चैनीचा आहे, असें कोणी म्हणूं नये. ऑगस्ट २००३ मध्यें फ्रान्समध्यें उष्णतेची लाट आली आणि सुमारें पंधरा हजार माणसें नेहमींपेक्षां अधिक मृत्यूमुखीं पडलीं. त्यांत वृद्धांचीच संख्या मोठी होती. एकटीं राहणारीं, छपराखालच्या खोल्यांतून राहणारीं तीं माणसें. म्हातारपणीं शरीर घामानें स्वतःला नीट निववूं शकत नाहीं, आणि तहानही उशिरां लागते. उकाडा असह्य झाल्याचें ज्याचें त्याला कळण्यापूर्वींच तो घातक झालेला असतो.

‘आजीबाईचें घर’ बांधणाऱ्यानें म्हणूनच शेवटचा प्रश्न आजीबाईंनाच विचारावा. वाऱ्याचा झोत थेट अंथरुणावर येतो काय? यंत्राच्या कळा त्यांना चष्म्यावांचून ओळखतां येतात काय? बिल वाढेल या भीतीनें तें बंद ठेवून त्या घामाघूम बसून तर राहणार नाहींत ना? कार्नोनें नियम सांगितला, टॉमसननें गणित मांडलें आणि कारागिरांनीं यंत्र घडविलें. पण तें यंत्र ज्यांच्याकरितां भिंतीवर चढलें, त्यांनीं तें निर्धास्तपणें वापरलें तरच त्या सर्वांच्या श्रमांचें सार्थक झालें असें म्हणतां येईल.